जेल रोडचे एक घर आणि लोकेशन अ‍ॅपचे चार प्लॅन

हे प्रकरण माझ्या थोरल्या बहिणीच्या घरातले आहे. घरच्यांच्या संमतीने, नावे वगळून ते इथे मांडत आहे. घर नाशिक रोडला, जेल रोड भागात. ताईचे सासरे, ज्यांना सगळेच नाना म्हणतात, नोट प्रेसमधून निवृत्त झालेले असून त्यांचे वय 78 आहे. त्यांना विस्मरणाचा त्रास सुरू झाला आहे आणि तो हळूहळू वाढत जाणार, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. दाजी सिन्नरजवळ मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्टमध्ये काम करतात आणि मोटारसायकलवरून मोहदरी घाटाने ये-जा करतात. ताई शाळेत शिकवते. भाची 17 वर्षांची, बारावीला आहे. ती सिटीलिंकच्या बसने कॉलेज रोडच्या क्लासला जाते. भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. दाजींचे धाकटे भाऊ सहकुटुंब न्यू जर्सीत स्थायिक आहेत.

श्रावणातल्या एका सकाळी नाना नेहमीप्रमाणे मुक्तिधामला दर्शनाला गेले आणि घराकडे वळण्याऐवजी बसमध्ये बसून निमाणीला उतरले. दुपार झाली तरी पत्ता लागेना. त्यांच्याजवळचा साधा बटणांचा फोन चार्जिंग संपून बंद पडलेला होता. ताईने 112 वर कळवले, शेजाऱ्यांनी बिटको चौकापर्यंतचा रस्ता पालथा घातला. शेवटी रामकुंडाजवळच्या एका पूजासाहित्याच्या दुकानदाराचा फोन आला. नाना त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून ‘दुसऱ्या पाळीला प्रेसमध्ये जायचंय, गाडी कधी येणार’ असे विचारत होते, आणि त्या दुकानदाराचे नातेवाईक जेल रोडलाच राहत असल्यामुळे ओळख पटली. हा निव्वळ योगायोग होता आणि त्याची जाणीव घरातल्या प्रत्येकाला झाली.

त्याच रात्री न्यू जर्सीहून फोन आला. “वहिनी, आमच्याकडे लाइफ थ्री सिक्स्टीचा गोल्ड प्लॅन आहे. तुम्हा सगळ्यांना आमच्याच सर्कलमध्ये घेतो. तुम्हाला एक रुपयाही लागणार नाही,” असे दीर म्हणाले. लाइफ थ्री सिक्स्टी हे घरच्यांचे ठिकाण एकमेकांना नकाशावर दाखवणारे अ‍ॅप आहे आणि एकमेकांना पाहू शकणाऱ्या गटाला त्यात सर्कल म्हणतात. देऊ केलेली मदत मनापासूनची होती. मोबाइलच्या बाबतीत या घरात मला विचारण्याची पद्धत असल्यामुळे होकार देण्यापूर्वी ताईने मला बोलावले आणि प्लॅनचा तक्ता आम्ही सगळ्यांनी मिळून समोर घेतला.

तक्त्यात नेमके काय विकले जाते

हे अ‍ॅप अमेरिकन कंपनीचे असून तिथे त्याचे चार स्तर आहेत: मोफत, सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम. आम्ही तक्ता पाहिला तेव्हाचे सशुल्क तीन स्तरांचे अमेरिकेतले मासिक दर अनुक्रमे 7.99, 14.99 आणि 24.99 डॉलर असे होते. डॉलर 85 रुपयांचा धरला आणि महिन्यामहिन्याने पैसे भरले, तर गोल्डचा वर्षाचा खर्च 15,000 रुपयांच्या वर जातो. दिरांनी तो आधीच भरलेला असल्यामुळे पैशांचा प्रश्न सुटला होता आणि म्हणूनच बाकीच्या प्रश्नांकडे नीट पाहता आले. पैसे आपल्याच खिशातून जाणार असते तर सगळी चर्चा दरावरच संपली असती.

या चारही स्तरांत नकाशावर माणूस आत्ता कुठे आहे ते दिसते. मदतीची हाक देणारे एसओएस बटणही मोफत स्तरात आहे. फरक सुरू होतो तो दोन गोष्टींत. पहिली म्हणजे ठिकाणांच्या सूचना. एखादे ठिकाण नकाशावर नोंदवले की तिथे कोणी पोहोचले किंवा तिथून निघाले की इतरांच्या फोनवर कळते. मोफत स्तरात अशी दोन ठिकाणे, सिल्व्हरमध्ये पाच आणि गोल्डपासून पुढे हवी तितकी ठेवता येतात. दुसरी म्हणजे मागचा इतिहास: मोफत स्तरात दोन दिवसांचा, सिल्व्हरमध्ये सात दिवसांचा, गोल्ड आणि प्लॅटिनममध्ये तीस दिवसांचा. त्यावर गोल्डमध्ये रस्त्यावर गाडी बंद पडल्यास मदत आणि अपघात झाल्यास चोवीस तास आपत्कालीन यंत्रणेला कळवण्याची सोय जोडली जाते. प्लॅटिनममध्ये बंद गाडी 50 मैलांपर्यंत ओढून नेणे, ओळखचोरीविरुद्ध मोठ्या रकमेचे संरक्षण, प्रवासातली आणि वैद्यकीय मदत अशा गोष्टी येतात.

हे सगळे वाचल्यावर माझे मत असे झाले की पैसे वाढवत गेल्यावर आपल्या पदरात मुख्यतः दोन गोष्टी पडतात, माणसाचा भूतकाळ आणि मोटारगाडीभोवतीच्या सेवा. नानांच्या प्रकरणात घराला हवी होती ती आत्ताची खबर, आणि ती पहिल्या पायरीवरच मिळत होती.

मोटारीच्या सेवांचा निकाल लगेच लागला. गोल्डमधली रस्त्यावरची मदत दिरांना न्यू जर्सीत मिळते ती तिथल्या रस्त्यांसाठी. त्यांच्या सर्कलमध्ये असल्यामुळे मोहदरी घाटात दाजींची मोटारसायकल उचलायला कोणी येणार नव्हते. अपघात ओळखण्याची सोयही मुळात मोटारीसाठी बेतलेली असून साधारण ताशी 25 मैलांच्या, म्हणजे 40 किलोमीटरच्या वर वेग असेल तरच ती काम करते. आपत्कालीन यंत्रणेला कळवायचे ते अमेरिकेतल्या 911 ला. आपल्याकडे याच गरजेसाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 108 आणि राष्ट्रीय महामार्गावर 1033 हे क्रमांक आहेत. वाहनाच्या विम्याला थोडी रक्कम वाढवून रस्त्यावरच्या मदतीची जोडणीही घेता येते. दाजींनी विम्याची मुदत जवळ आली होती म्हणून तीच घेतली आणि हा विषय तिथेच संपला.

ठिकाणे पाच की दोन

ताईने कागदावर ठिकाणांची यादी केली होती. घर, मुक्तिधाम, तिची शाळा, दाजींचा कारखाना आणि भाचीचा क्लास. पाच ठिकाणे म्हणजे सिल्व्हर, असा हिशेब सरळ दिसत होता आणि एरवी तो कोणीही मान्य केला असता. मी प्रत्येक ठिकाणापुढे एकच गोष्ट लिहायला सांगितली: ही सूचना आली की घरातले कोण, काय करणार? दाजी कारखान्यात पोहोचले अशी सूचना आल्यावर ताई काय करणार, याला उत्तर नव्हते. दाजी पोहोचल्यावर तसेही फोन करतात. ताईच्या शाळेचेही तेच. क्लासच्या बाबतीत भाचीने क्लास सुटल्यावर बसमध्ये बसताना कळवावे, एवढीच आईची अपेक्षा होती. राहिली नानांची दोन ठिकाणे. नाना घरातून निघाले की शेजारच्या काकूंनी खिडकीतून पाहायचे आणि मुक्तिधामला पोहोचल्याची सूचना ठरावीक वेळेत आली नाही तर ताईने फोन करायचा, असे काम दोन्ही सूचनांपुढे लिहिता आले. दोनच ठिकाणे उरली आणि ती मोफत स्तरात बसत होती.

ज्या सूचनेवर कोणी काही करणार नाही ती सूचना नुसती बिनकामाची नसते. दिवसभर फोन वाजत राहिला की माणूस त्याकडे पाहणे सोडून देतो, आणि मग नेमकी नानांची सूचनाही त्या गर्दीत नजरेआड होते. न्यू जर्सीच्या सर्कलमध्ये सामील झाल्यास तिथल्या मंडळींचे येणे-जाणेही या फोनवर वाजणार होते आणि इथली सकाळची सूचना तिकडे रात्री झोपेत वाजणार होती. ही बाब दिरांच्याही लक्षात आली नव्हती.

सूचना वेळेवर येते का

या भागावर आम्ही सर्वाधिक वेळ घालवला, आणि प्लॅनच्या तक्त्यात याविषयी एक ओळही नसते.

नाना बटणांचा फोन वापरत असल्यामुळे कुठलाही स्तर घेतला तरी अ‍ॅप चालणार कशावर, हा पहिला अडथळा होता. ब्लूटूथवर चालणारे छोटे टॅग बाजारात मिळतात, पण त्यांचा ठावठिकाणा जवळून जाणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या तरी जुळणाऱ्या फोनवर अवलंबून असतो. सिमकार्ड असलेले जीपीएस घड्याळ स्वतःच्या बळावर चालते, मात्र त्याला वेगळे रिचार्ज लागते आणि नानांना मनगटावर नवे घड्याळ चालेना. ते काढून ठेवत. शेवटी एक लहान, हलका अँड्रॉइड फोन घेतला. नाना तो विसरू नयेत म्हणून ताईने त्यांच्या प्रत्येक बंडीला आतून, डाव्या बाजूला, बटण लागणारा खिसा शिवून घेतला. फोन त्यात उभा बसतो, वाकले तरी पडत नाही, आणि बंडी घालणे ही नानांची इतक्या वर्षांची सवय आहे की ती अजून पक्की आहे. त्याच खिशात नाव, पत्ता आणि दोन फोन नंबर लिहिलेले लॅमिनेट केलेले कार्ड ठेवले. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत भरवशाचा भाग ते कार्ड आहे, कारण त्याला चार्जिंग लागत नाही.

मग चाचणी घेतली. दाजी नानांबरोबर घरातून निघाले आणि ताई घरात फोन हातात घेऊन बसली. पहिल्या वेळी दोघे मुक्तिधामला पोहोचून दर्शन घेऊन बाहेर आले तरी सूचना आली नाही. दोष स्तराचा नव्हता. नव्या फोनमधील बॅटरी बचतीच्या सोयीने अ‍ॅप मागच्या मागे बंद केले होते. अँड्रॉइडच्या आठव्या आवृत्तीपासून, म्हणजे 2017 पासून, पडद्यामागे चालणाऱ्या अ‍ॅपला ठिकाण विचारण्यावर मर्यादा आहेत आणि दहाव्या आवृत्तीपासून लोकेशनची परवानगी ‘अ‍ॅप वापरताना’ आणि ‘नेहमी’ अशी वेगळी द्यावी लागते. त्याशिवाय बरेच फोन बनवणारे बॅटरी वाचवण्यासाठी स्वतःचे निर्बंध घालतात. परवानगी ‘नेहमी’ केली, अचूक ठिकाण सुरू केले, या अ‍ॅपपुरते बॅटरीचे निर्बंध काढले, ऑटोस्टार्ट चालू केला आणि अलीकडच्या अ‍ॅप्सच्या यादीत त्याला कुलूप लावले. त्यानंतर सूचना येऊ लागली.

तरीही ती घराचा उंबरा ओलांडताक्षणी येत नाही आणि तशी अपेक्षा ठेवू नये. ठिकाणाभोवतीचे वर्तुळ किमान 100 ते 150 मीटर त्रिज्येचे ठेवावे असे अँड्रॉइडच्या तांत्रिक मार्गदर्शनात म्हटले आहे. फोन बराच वेळ एका जागी पडून असेल तर सूचनेला सहा मिनिटांपर्यंत उशीर होऊ शकतो, असेही तिथे नमूद आहे. नाना मिनिटाला साधारण साठ मीटर चालतात. सहा मिनिटांत ते साडेतीनशे मीटर पुढे गेलेले असतात, म्हणजे गल्ली सोडून मोठ्या रस्त्याला लागलेले असतात. म्हणून सकाळच्या वेळी काकूंच्या खिडकीला पर्याय नाही, हे घरच्यांना पटवून द्यावे लागले. सिल्व्हर, गोल्ड किंवा प्लॅटिनम घेतल्याने हा उशीर कमी होत नाही, कारण तो फोनच्या कार्यप्रणालीतून येतो आणि तिथे सर्व स्तर सारखेच आहेत.

तीस दिवसांचा प्रश्न

गोल्डच्या बाजूने सर्वांत वजनदार मुद्दा ताईनेच मांडला होता. नाना कोणत्या वेळी, कोणत्या दिशेने भरकटतात याचा तीस दिवसांचा माग मिळाला तर तो डॉक्टरांना दाखवता येईल, असे तिचे म्हणणे होते. मी हा मुद्दा हलका मानत नाही. विस्मरणाच्या रुग्णात अशा सवयींचा आकृतिबंध कळला तर घरच्यांना दिवसाची आखणी करता येते. नुसत्या नानांचा प्रश्न असता तर मी सशुल्क स्तराच्या बाजूने उभा राहिलो असतो.

पण सदस्यत्व सर्कलला लागू होते आणि सर्कलमधल्या प्रत्येकाचा इतिहास सर्वांना दिसतो. भाचीने हे तक्ता वाचतानाच ओळखले. “मामा, हे नानांसाठी घेताय ना? मग माझे तीस दिवस सगळ्यांना कशाला दिसायला हवेत?” तिच्या आवाजात तक्रार नव्हती, ती खरोखरच विचारत होती. न्यू जर्सीच्या काका-काकूंना ती महिनाभर कोणत्या मैत्रिणीकडे गेली, क्लास सुटल्यावर गंगापूर रोडला किती वेळ थांबली हे दिसावे, याचे कोणतेही कारण आमच्यापैकी कोणालाही देता आले नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची पडताळणी झालेली संमती आवश्यक धरली आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने संमती ताई-दाजींची. परंतु 17 वर्षांच्या मुलीला न विचारता तिचा माग ठेवला तर ती फोन मैत्रिणीकडे ठेवून बाहेर जाऊ शकते, आणि मग नकाशावरचा ठिपका क्लासमध्ये दिसतो व मुलगी दुसरीकडे असते. अशी खोटी खात्री ही माहिती नसण्यापेक्षा अधिक घातक आहे असे मला ठामपणे वाटते.

भाचा सज्ञान आहे. त्याने सर्कलमध्ये येण्यास नम्रपणे नकार दिला आणि घाटातून गाडी चालवताना आईला लोकेशन पाठवण्याचे मान्य केले. त्यावर वाद झाला नाही.

खासगीपणाची आणखी एक बाजू तपासणे भाग होते. 2021 च्या डिसेंबरमध्ये याच कंपनीकडून वापरकर्त्यांच्या ठिकाणांची माहिती डेटा विकत घेणाऱ्यांना विकली जात असल्याचे ‘द मार्कअप’ या अमेरिकी वृत्तसंस्थेने प्रसिद्ध केले होते. त्यानंतर जानेवारी 2022 मध्ये कंपनीने अचूक ठिकाणांची विक्री बहुतांशी थांबवत असल्याचे जाहीर केले. मी हे सांगितल्यावर दाजींनी विचारले की पैसे भरणाऱ्यांची माहिती तरी सुरक्षित राहते ना. पैसे भरले म्हणजे माहिती आपोआप खासगी राहते असे गृहीत धरू नये. स्तर कोणताही असो, अ‍ॅपमधील प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये जाऊन माहिती इतरांना देण्याचे पर्याय स्वतः बंद करावे लागतात. ते आम्ही नानांच्या फोनवर आधी केले आणि मगच ठिकाणे नोंदवली.

ठरले ते

न्यू जर्सीच्या सर्कलमध्ये कोणीही गेले नाही. नाशिकचे वेगळे सर्कल मोफत स्तरावर तयार केले, त्यात नाना, ताई, दाजी आणि शेजारच्या काकू एवढेच आहेत. नानांच्या सवयींची नोंद ताई भिंतीवरच्या कॅलेंडरवर करते: किती वाजता उठले, कोणत्या दिशेने निघाले, प्रेसचे नाव काढले का. डॉक्टरांनी पुढच्या भेटीला तेच कॅलेंडर मागवून घेतले, कारण नाना कोणत्या वेळी अस्वस्थ होतात हे नकाशावरच्या रेषेतून कळत नाही.

भाचीसाठी व्हॉट्सअ‍ॅपचे लाइव्ह लोकेशन पुरेसे ठरले. त्यात 15 मिनिटे, 1 तास किंवा 8 तास अशी मुदत निवडता येते. ती क्लास सुटल्यावर बसमध्ये बसली की आईला एक तासाचे पाठवते आणि घरी पोहोचेपर्यंत ते आपोआप संपत आलेले असते. गूगल मॅप्सवरही लोकेशन शेअर करण्याची मोफत सोय आहे, त्यात समोरच्याच्या फोनची बॅटरी किती उरली तेही दिसते आणि बंद करेपर्यंत ते चालू ठेवता येते. ती सोय ताई आणि दाजींनी एकमेकांपुरती सुरू केली, म्हणजे दाजींची रात्रपाळी सुटल्यावर ताईला फोन करून त्यांना गाडी थांबवायला लावावी लागत नाही.

दिरांना हे कळवणे सोपे नव्हते. दूर राहणाऱ्या मुलाला वडिलांसाठी काही तरी करायचे असते आणि आपण देऊ केलेली गोष्ट परत आली की ते मनाला लागते. ताई त्यांना म्हणाली, “भाऊजी, नाना कुठे आहेत ते तुम्हाला रोज कळेल, मी स्वतः सांगेन. पण ठिपका पाहून तुम्ही तिथून काही करू शकणार नाही आणि जिवाला घोर लागेल.” ते थोडा वेळ गप्प राहिले. मग नानांच्या फोनचे पैसे आणि वर्षभराचे रिचार्ज आपण देणार, असे त्यांनी सांगितले व ताईने ते आनंदाने स्वीकारले. दोघांनीही ते मोकळेपणाने बोलून घेतले, हे मला फार चांगले वाटले.

सशुल्क स्तराचा विचार कायमचा बाजूला ठेवलेला नाही. नानांना अधूनमधून सिन्नरला लेकीकडे नेण्याचे घाटत आहे. तसे झाले तर तिकडचे घर आणि तिथले मंदिर मिळून ठिकाणे चार होतील व दोनची मर्यादा खरोखरच अपुरी पडेल. त्या वेळी आपल्या भारतातल्या खात्यावर जे सदस्यत्व आणि जो दर रुपयांत दिसेल तो पाहून, महिन्याच्या मुदतीने, फक्त याच छोट्या सर्कलसाठी ते घ्यावे असे ठरले आहे. अ‍ॅप फोनमधून काढून टाकले तरी सदस्यत्व रद्द होत नाही, ते प्ले स्टोअरमधून वेगळे रद्द करावे लागते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आपोआप पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी सूचना येते, तो संदेश दाजींनी वाचायचा. त्यांच्या फोनवर अशा संदेशांची गर्दी असते म्हणून ताईने तारीख त्याच कॅलेंडरवर लिहायचे मान्य केले आहे.

2027 च्या सिंहस्थाची चर्चाही आताच सुरू झाली आहे. पर्वणीच्या दिवशी रामकुंडाच्या परिसरात मोबाइलच्या जाळ्यावर एवढा ताण येतो की नकाशावरचा ठिपका कुठल्या कुठे अडकून राहतो. नाना प्रेसमध्ये असताना दर सिंहस्थाला रजा काढून स्नानाला जात आणि या वेळीही जायचे म्हणतात. त्या दिवशी त्यांच्याबरोबर दाजी आणि भाचा असे दोघे जातील, भाचा पुण्याहून आदल्या रात्रीच येईल, आणि बंडीच्या खिशातल्या कार्डावर त्या दिवसापुरता भाच्याचाही नंबर लिहिला जाईल.